अजून, आत्ताच, आधीच आणि इंग्रजीतलं ते 'हॅव'

'जस्ट, ऑलरेडी, येट, एव्हर, नेव्हर, सिन्स, फॉर. यातला एक जरी शब्द दिसला की हॅव किंवा हॅज लावायचं आणि क्रियापदाचं तिसरं रूप घ्यायचं, की झाला पूर्ण वर्तमानकाळ.' माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला ही यादी तोंडपाठ असते. रिकाम्या जागा भरायच्या असतील तर ती कामाला येते, मार्कही पडतात. पण बोलायला तोंड उघडलं की गाडी अडते. कारण बोलताना समोर कुणी आयता 'येट' ठेवलेला नसतो. तो आपणच आणायचा असतो, आणि कधी आणायचा ते त्या यादीत लिहिलेलं नाही. माझ्या मते ही यादीच उलट्या बाजूने शिकवली जाते.

मी सांगलीत, विश्रामबागेत, संध्याकाळी इंग्रजीचा क्लास घेते. पूर्वी दहावीची पोरं जास्त असायची, हल्ली नर्सेस जास्त. मिरजेच्या दवाखान्यांतून ड्यूटी संपवून तशाच येतात, तासगाव-कवठेमहांकाळकडच्या काही जणी सुट्टीच्या दिवशी वडापने, म्हणजे शेअर जीपने येतात. बहुतेकींना ब्रिटन गाठायचंय आणि त्यासाठी ओईटी नावाची परीक्षा द्यायची असते. डॉक्टर, नर्स अशा लोकांसाठीच असलेली इंग्रजीची परीक्षा. आमच्या पिढीला एबीसीडी पाचवीत भेटली. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे या पोरी माझ्यापेक्षा चार वर्षं आधी इंग्रजीला लागलेल्या. शब्द भरपूर येतात त्यांना. पूर्ण वर्तमानकाळापाशी मात्र सगळ्या एकाच जागी ठेचकाळतात, आणि ती जागा इंग्रजीत नाहीच, आपल्या मराठीत आहे.

'पेशंट कालच आलाय.' आपल्याला या वाक्यात काही खटकत नाही. काल आला, अजून इथेच आहे, म्हणून 'आलाय'. 'मी दोन वर्षांपूर्वी नर्सिंग केलंय', यातही काही वावगं नाही. मराठीला तारीख सांगून वर 'आहे' लावायला काहीच अडचण वाटत नाही. म्हणून पोरी सरळ म्हणतात, 'द पेशंट हॅज कम यस्टरडे'. इंग्रजीत हे चालत नाही. तिथे 'काल' म्हटलं की त्या वेळेच्या दुकानाचं शटर पडलं. शटर पडलं की हॅव बाहेर, साधा भूतकाळ आत: 'द पेशंट केम यस्टरडे'. लास्ट वीक, इन २०१९, टू इयर्स अगो, व्हेन आय वॉज इन मिरज, ही सगळी शटर पाडणारी मंडळी. आणि जस्ट, ऑलरेडी, येट, सो फार ही शटर उघडं ठेवणारी, म्हणजे गोष्ट मागे घडलेली असली तरी तिचा हिशोब आत्ताच्या क्षणापर्यंत चालू आहे असं सांगणारी. एवढं एक डोक्यात बसलं तर यादी पाठ करायची गरज राहत नाही, असं माझं ठाम मत आहे. बाकी सगळा प्रश्न उरतो तो बोलणाऱ्याच्या मनात काय आहे याचा. आणि तो प्रश्न शिकवायला आमच्याकडे निसर्गानेच सोय करून ठेवलीय. कृष्णेचं पाणी.

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न 'आयर्विनला किती?' आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्याजवळच्या पातळीवर आख्खं गाव श्वास घेतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, त्यामुळे आता ३५ झालं तरी लोक फ्रीज वर चढवायला लागतात. तिकडे कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती सोडलं, हे ज्याला सांगता येत नाही तो सांगलीकरच नव्हे.

तर समजा पाणी चाळिसावर गेलं. घटना एकच. पण सांगणारा कशा सुरात सांगतो बघा. 'आत्ताच चाळीस ओलांडले' असं कुणी म्हणालं तर तो ताजी बातमी देतोय: 'द वॉटर हॅज जस्ट क्रॉस्ड फॉर्टी फीट'. त्यात दुसरं काही नाही, फक्त ताजेपणा. दुसरा म्हणतो, 'अरे, चाळीस ओलांडलेसुद्धा!' हा 'सुद्धा' म्हणजे इंग्रजीतला 'ऑलरेडी'. पुस्तकात ऑलरेडीचा अर्थ 'आधीच' असा दिलेला असतो आणि तिथेच घात होतो, कारण बोलताना आपण 'आधीच' फार क्वचित म्हणतो. आपण 'जेवलासुद्धा?', 'निघाले पण?', 'झालं की करून' असं म्हणतो. जे व्हायचं होतं ते वाटलं त्यापेक्षा लवकर झालं, हे ऑलरेडीचं खरं काम. 'द वॉटर हॅज ऑलरेडी क्रॉस्ड फॉर्टी' म्हणणाऱ्याला वाटत होतं की रात्रीपर्यंत तरी वेळ आहे.

तिसरा म्हणतो, 'पंचेचाळीसला अजून लागलेलं नाही.' 'इट हॅज नॉट रीच्ड फॉर्टी-फाइव्ह येट.' यात धाकधूक आहे. लागेल, अशी भीती आहे. येट काढून टाका आणि नुसतं 'इट हॅज नॉट रीच्ड फॉर्टी-फाइव्ह' म्हणा, वाक्य बरोबरच राहतं, पण ते तलाठ्याच्या पंचनाम्यासारखं कोरडं होतं. येट असला की पुढे काहीतरी अपेक्षित आहे, भीतीने असो की आशेने. आणि पाऊस थांबला, ऊन पडलं, कोयनेचे दरवाजे बंद झाले, तरी पाणी जागचं हलत नाही तेव्हा गावभाग काय म्हणतो? 'पाणी काही उतरायला तयार नाही.' हा जो मधला 'काही' आहे ना, तो इंग्रजीतला 'स्टिल': 'द वॉटर स्टिल हॅज नॉट गॉन डाऊन'. व्हायला हवं होतं, व्हायची वेळ टळून गेली, आणि तरी झालं नाही. कंटाळा, वैताग, सगळं त्या स्टिलमध्ये.

आपला 'अजून' बिचारा येट आणि स्टिल दोन्हींची कामं एकटाच करतो. 'अजून उतरलं नाही', 'अजून वाढतंय', वर पुन्हा 'अजून दोन फूट वाढेल' म्हणताना तिसरंच काम. त्यामुळे 'अजून'चं इंग्रजी काय, असं मला कुणी विचारलं की मी आधी विचारते, वैताग आहे की वाट बघतेयस?

हा फरक चैनीचा नाही, वॉर्डात फार महागात पडू शकतो. नातेवाईक विचारतात, 'सिस्टर, डॉक्टर आले का?' उत्तर द्यायचंय 'अजून नाही आले.' 'द डॉक्टर हॅज नॉट कम येट' म्हटलं तर अर्थ, येतील, थांबा. 'द डॉक्टर स्टिल हॅज नॉट कम' म्हटलं तर अर्थ, मीसुद्धा कंटाळले बाई या माणसाला. व्याकरण दोन्हींचं शंभर टक्के बरोबर. पण दुसरं वाक्य ब्रिटनच्या वॉर्डात पेशंटच्या मुलासमोर उच्चारलं, तर तो नर्सने डॉक्टरविरुद्ध केलेली तक्रारच समजेल. क्लासमध्ये हे सांगितलं तेव्हा तासगावची एक सिस्टर म्हणाली, 'मॅडम, मग आमच्या वॉर्डात स्टिलच लागतो.' हसून हसून पुरेवाट.

प्रश्नातही असंच. 'हॅव यू गिव्हन द इंजेक्शन येट?' म्हणजे दिलंस का गं, द्यायचं होतं ना. साधी चौकशी. 'हॅव यू गिव्हन द इंजेक्शन ऑलरेडी?' म्हणजे दिलंससुद्धा? इतक्यात? ऐकणारी दचकते आणि चार्ट बघायला पळते. ड्यूटी देता-घेताना हे प्रश्न रोजचे. शौचाला झालं का, हेही रोजचंच. तिकडच्या नर्सेसचा त्यासाठी ठरलेला वाक्प्रयोग आहे, 'शी हॅज नॉट ओपन्ड हर बाऊल्स येट'. शब्दशः आतडी उघडणं. पहिल्यांदा ऐकल्यावर एकीला वाटलं ऑपरेशनबद्दल बोलताहेत. यात येट विसरायचा नाही, कारण संध्याकाळच्या ड्यूटीवालीला त्या येटमुळेच कळतं की याकडे लक्ष ठेवायचं आहे.

आता मराठी दरवेळी अडचणच करते असं नाही, कधी कधी ती इंग्रजीच्याही पुढे जाऊन वाट दाखवते. 'डॉक्टर आलेत' आणि 'डॉक्टर येऊन गेलेत' यातला फरक आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. आलेत म्हणजे आहेत. येऊन गेलेत म्हणजे आता मागे धावून उपयोग नाही. इंग्रजीत पहिल्याला 'द डॉक्टर हॅज कम', आणि दुसऱ्याला? ब्रिटिश माणूस म्हणतो, 'द डॉक्टर हॅज ऑलरेडी बीन'. बस, एवढंच. पुढे काही नाही. बीन म्हणजे येऊन गेले, जाऊन आले. 'शी हॅज गॉन टू कोल्हापूर' म्हणजे ती गेलीय, इथे नाही. 'शी हॅज बीन टू कोल्हापूर' म्हणजे जाऊन आलीय. हे गॉन-बीन प्रकरण पुस्तकात अर्धं पान खातं. मी फक्त 'येऊन गेले' आणि 'जाऊन आले' एवढे दोन शब्द सांगते, पुढचं त्यांचं त्या लावतात.

सिन्स आणि फॉरची गोष्ट वेगळी. तिथे 'पासून' आपला गळा धरतो. '२०१५ पासून' आणि 'दहा वर्षांपासून', दोन्हीकडे आपल्याला एकच 'पासून' लागतो. म्हणून 'सिन्स टेन इयर्स'. हे फक्त मराठी लोकच करतात असं नाही, हिंदीतला 'से'सुद्धा हेच करवतो, त्यामुळे ते देशभर इतकं पसरलंय की आता कुणाला खटकतही नाही. मला खटकतं. सिन्सला खुंटी लागते: एक साल, एक तारीख, एक घटना. फॉरला लांबी लागते: दहा वर्षं, तीन आठवडे, बराच वेळ. मिरजेत डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये वैद्यकीय काम सुरू केलं. 'वॉनलेस स्टार्टेड हिज वर्क इन १८९४', शटर पडलेलं, म्हणून स्टार्टेड. पण 'मिरज हॅज हॅड अ मिशन हॉस्पिटल फॉर मोअर दॅन अ सेंच्युरी' म्हणताना ती लांबी आत्तापर्यंत येऊन पोचते, म्हणून हॅज. त्यातल्या 'हॅज हॅड'ला पोरी घाबरतात. दोनदा लिहिल्यासारखं वाटतं म्हणून एक खोडून टाकतात. खोडू नका. पहिलं हॅज काळाचं, दुसरं हॅड असण्याचं.

आणखी एक. आपण 'मी पाच वर्षांपासून मिरजेत काम करते' असं साध्या वर्तमानकाळात म्हणतो, त्यामुळे 'आय वर्क इन मिरज सिन्स फाइव्ह इयर्स' हे वाक्य जन्माला येतं. त्यात दोन दुरुस्त्या लागतात आणि दोन्ही एकदम सांगितल्या की पोरी गोंधळतात. मी आधी वर्क दुरुस्त करायला लावते, 'हॅव वर्क्ड' किंवा 'हॅव बीन वर्किंग'. सिन्सचं फॉर दुसऱ्या दिवशी.

ओईटीत लिहिण्याचा जो भाग असतो तो पूर्ण वर्तमानकाळाची खरी परीक्षा. ४५ मिनिटं. त्यातली पहिली ५ फक्त वाचायला, पेनला हात लावायचा नाही. पेशंटच्या केस नोट्स देतात, तुटक तुटक, आणि त्यावरून दुसऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं. नोट्समध्ये असतं: मधुमेह, २०११. १२ मे, दाखल. ताप नाही. पायाची जखम, ड्रेसिंग रोज. हे सगळं एका काळात कोंबलं की पत्र मेलं. '१२ मे'ला शटर, म्हणून 'वॉज ऍडमिटेड'. मधुमेह २०११ पासून आहे आणि राहणार, म्हणून 'हॅज हॅड डायबिटीस सिन्स २०११'. दाखल झाल्यापासून ताप आलेला नाही, 'सिन्स ऍडमिशन शी हॅज नॉट हॅड अ फीव्हर'. टाके अजून काढायचेत, 'द स्युचर्स हॅव नॉट येट बीन रिमूव्हड'. इथे येट शेवटी न जाता मध्येच बसला, कारण औपचारिक लिखाणात त्याला ती जागा शोभते. बोलताना शेवटीच. पत्र वाचणाऱ्याला काय संपलंय आणि काय त्याच्या गळ्यात पडणार आहे, ते या हॅज आणि वॉजच्या अदलाबदलीवरूनच कळतं. मी लाल पेनाने तारखांखाली रेघ मारायला लावते, मग क्रियापदांकडे बघायचं. उलटं नाही.

जागेबद्दल फार बोलण्यासारखं काही नाही. जस्ट, ऑलरेडी, एव्हर, नेव्हर हे हॅव आणि तिसऱ्या रूपाच्या मध्ये. हॅज बीन असं जोडपं असलं तर पहिल्याच्या पाठोपाठ: 'हॅज ऑलरेडी बीन शिफ्टेड'. स्टिल मात्र 'हॅज नॉट'च्या आधी. आपल्याकडे 'अजून डॉक्टर आले नाहीत', 'डॉक्टर अजून आले नाहीत', 'डॉक्टर आले नाहीत अजून', कसंही फिरवा. इंग्रजीत फिरवाफिरवीला वाव कमी.

एव्हरसाठी मी भडंग वापरते. 'हॅव यू एव्हर ईटन भडंग?' असं विचारलं की सगळ्या जन्मात कधीही, केव्हा ते महत्त्वाचं नाही. सांगलीत हा प्रश्न विचारणं हा अपमानच आहे, तो ब्रिटनमधल्या रूममेटला विचारायचा. ती म्हणेल, 'नो, आय हॅव नेव्हर हर्ड ऑफ इट'. पण ती 'हो, खाल्लंय' म्हणाली आणि पुढे गप्पा सुरू झाल्या की लगेच साध्या भूतकाळात उतरायचं: कुठे खाल्लं, कधी, तिखट लागलं का. 'व्हेअर हॅव यू ईटन इट लास्ट संडे' असं पुढे ओढत नेऊ नका. पूर्ण वर्तमानकाळ विषय काढतो, तपशील साधा भूतकाळ सांगतो. रिसेन्टली जरा समजूतदार आहे, तो दोन्ही काळांत नांदतो. 'जस्ट नाऊ' फसवा: नुसता जस्ट असेल तर 'आय हॅव जस्ट सीन हिम', पण जस्ट नाऊ आला की 'आय सॉ हिम जस्ट नाऊ'.

सगळ्यात मजा येते ती 'धिस'ची. 'धिस मॉर्निंग' उघडं की बंद? अकरा वाजता विचाराल तर उघडं: 'हॅव यू टेकन हर बीपी धिस मॉर्निंग?' दुपारी तीनला विचाराल तर बंद: 'डिड यू टेक हर बीपी धिस मॉर्निंग?' शब्द तेच, घड्याळाने काळ बदलला. साताऱ्याच्या एकीने यावर कासचं उदाहरण काढलं आणि ते मी तेव्हापासून माझंच म्हणून वापरते. सप्टेंबरात पठारावर फुलं आहेत तोवर 'हॅव यू बीन टू कास धिस इयर?' डिसेंबरात वर्ष संपलेलं नसतं, पण फुलं केव्हाच संपली, तिथे आता वाळकं गवत. मग 'डिड यू गो टू कास धिस इयर?' कॅलेंडर काय म्हणतं याला किंमत नाही, जायची संधी शिल्लक आहे का, एवढंच बघायचं.

एक वाद दर बॅचला होतोच. 'मॅडम, वेब सिरीजमध्ये तर डिड यू ईट येट म्हणतात.' म्हणतात. अमेरिकेत जस्ट, ऑलरेडी, येट यांच्याबरोबर साधा भूतकाळ सर्रास चालतो, 'आय ऑलरेडी एट' तिथे कुणाला खटकत नाही. ब्रिटनमध्ये मात्र हॅवच जास्त रुळलेला. तुम्हाला मँचेस्टरला जायचंय की ह्यूस्टनला, त्यावर ठरवा. पण दोन्ही एका पत्रात मिसळू नका.

गेल्या आठवड्यात मुलींना घरी करायला काही वाक्यं दिली, इथेही देते. पेशंट झोपलासुद्धा. सलाईन आत्ताच संपलं. रिपोर्ट काही आलेला नाही. त्यांना परवा डिस्चार्ज दिलाय. नातेवाईक भेटून गेलेत. काल रात्रीपासून ताप उतरलेला नाही. शेवटच्या वाक्यात 'काल' बघून निम्म्या वर्गाने पटकन 'डिड नॉट' लिहून टाकलं. 'काल'च्या मागे 'पासून' आहे, तिकडे आधी बघा.